घातलेली नळी श्वासनलिकेतच आहे, हे सोनोग्राफीने पक्के करता येते का?

मलप्रभाकाठ यांचा प्रश्न

सर्वांना नमस्कार. मी खानापूर तालुक्यातील एका लहान खासगी रुग्णालयात रात्रपाळीचा डॉक्टर आहे. भूलशास्त्राचे वेगळे शिक्षण मी घेतलेले नाही. इंटर्नशिपमध्ये, आणि त्यानंतर एका अतिदक्षता विभागात काढलेल्या सात-आठ महिन्यांत रुग्णाला श्वास देण्यासाठी श्वासनलिकेत नळी घालायला शिकलो, एवढीच माझी शिदोरी. पावसाळा सुरू झाला की जांबोटी, कणकुंबीच्या बाजूने मण्यार चावलेले रुग्ण आमच्याकडे येतात, आणि कीटकनाशक प्यालेले तर बारा महिने येतात. या दोन्ही प्रकारांत श्वास थकू लागला की बेळगाव गाठेपर्यंत थांबणे शक्य नसते आणि नळी इथेच घालावी लागते.

विचारण्याचे कारण असे की, पूर्वी मी जेथे कामाला होतो तेथे एका रात्री मण्यार चावलेल्या तरुणाला मी नळी घातली. स्वरतंतू अर्धवटच दिसले होते. अंबू बॅग (हाताने दाबून श्वास देण्याची पिशवी) दाबल्यावर छाती हलल्यासारखी वाटली, स्टेथोस्कोपने दोन्ही बाजूंना आवाज ऐकू आला आणि नळीच्या आत वाफही धरली. ऑक्सिजन ९८ दाखवत होता. सगळे ठीक आहे असे समजून मी केसपेपर लिहायला वळलो. चार-पाच मिनिटांनी ऑक्सिजन घसरू लागला आणि पोट फुगल्याचे सिस्टरांच्या लक्षात आले. नळी अन्ननलिकेत होती. ती काढून मास्कने श्वास दिला, दुसऱ्या वेळी नळी नीट बसली, आणि रुग्ण पुढे बरा होऊन घरी गेला; पण ती चार-पाच मिनिटे माझ्या डोक्यातून गेलेली नाहीत.

तेथे कॅप्नोग्राफ (उच्छ्वासातील कार्बन डायऑक्साइडचा आलेख दाखवणारे यंत्र) नव्हता, आणि आता आहे त्या ठिकाणीही नाही. सोनोग्राफीचे पोर्टेबल यंत्र मात्र आहे, आणि त्याला पोटासाठीचा वक्र व वरवरच्या भागांसाठीचा सरळ असे दोन्ही प्रोब (अंगावर टेकवायचे भाग) आहेत. मानेवर प्रोब ठेवून नळी कोठे गेली ते पाहता येते, असे वाचनात आले. यावर कितपत विसंबावे, मानेवर पाहावे की छातीवर, आणि रेडिओलॉजिस्ट हजर नसताना रात्री दोन वाजता मी ते यंत्र सुरू केले तर कायद्याच्या दृष्टीने अडचण येईल का, हे अनुभवी मंडळींनी सांगावे. सध्या यंत्राच्या खोलीला कुलूप आहे आणि किल्ली व्यवस्थापकांच्या घरी असते.

टिळकवाडीचा भूलतज्ज्ञ यांचे उत्तर

डॉक्टर, आपण घडले तसे लिहिलेत हे फार बरे केलेत. ज्याची नळी कधी अन्ननलिकेत गेली नाही असा भूलतज्ज्ञ मला तरी भेटलेला नाही, आणि कोणी तसे सांगत असेल तर त्याने फारशा नळ्या घातलेल्या नसाव्यात. चूक किती श्वासांत लक्षात येते, एवढाच काय तो फरक.

आपल्याला त्या रात्री ज्या खुणांनी फसवले त्या सगळ्यांनाच फसवतात. जठरात शिरणाऱ्या हवेचा आवाज बारीक छातीच्या रुग्णात थेट काखेपर्यंत ऐकू येतो. नळीत धरलेली वाफ जठरातील दमट हवेचीही असू शकते. ऑक्सिजनच्या आकड्याचे म्हणाल, तर आधी मास्कने भरपूर ऑक्सिजन दिलेला असला की फुफ्फुसातील साठ्यावर रुग्ण काही मिनिटे सहज तग धरतो आणि आकडा आपल्याला खोटा धीर देत राहतो. तो उतरू लागतो तोवर साठा संपत आलेला असतो.

म्हणून सोनोग्राफीकडे वळण्यापूर्वी एक गोष्ट सांगतो, आणि ती आपल्या व्यवस्थापकांना वाचून दाखवावी. श्वासातून बाहेर येणाऱ्या कार्बन डायऑक्साइडचा आलेख हीच आजही या कामातील पहिली आणि मुख्य कसोटी आहे. न ओळखलेली अन्ननलिकेतील नळी टाळण्यासाठी २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांमध्ये निकष असा दिला आहे की, आलेख किमान ७.५ मिलिमीटर पाऱ्याइतका वर चढला पाहिजे आणि किमान सात श्वास तो तसाच टिकला पाहिजे. सात श्वास थांबायचे ते अशासाठी, की मास्कने श्वास देताना थोडा कार्बन डायऑक्साइड जठरात ढकलला गेलेला असतो, किंवा रुग्णाने सोडा प्यालेला असतो, आणि त्यामुळे अन्ननलिकेतील नळीतूनही पहिले दोन-चार श्वास फसवा आलेख देऊन मग विरून जातात. हृदय बंद पडलेल्या रुग्णात आलेख सपाटच येणार, असा समज आपल्याकडे अजून आहे. छातीवर नीट दाब दिला जात असेल तर तो ठेंगणा येतो, पण येतो. अजिबात आला नाही तर नळी अन्ननलिकेत आहे असेच धरून चालायचे.

आता सोनोग्राफी. कॅप्नोग्राफ उपलब्ध नसेल तर अनुभवी हातातील सोनोग्राफी हा वाजवी पर्याय आहे, असे अमेरिकन हार्ट असोसिएशनने २०१५ च्या सूचनांतच म्हटले होते. सरळ प्रोब गळ्याच्या खळगीच्या किंचित वर आडवा आणि अगदी हलक्या हाताने ठेवावा. मधोमध श्वासनलिका कमानीसारखी दिसते. हवेमुळे तिच्या कडेवर एक पांढरी चमकदार रेघ येते आणि तिच्याखाली सावली, म्हणजे नळी आत असो वा नसो, हवेच्या पलीकडचे काही दिसत नाही. अन्ननलिका तिच्या मागे, बहुतेकांत रुग्णाच्या डाव्या अंगाला सरकलेली असते. ती रिकामी असताना चपटी असते आणि चटकन नजरेत भरत नाही. नळी श्वासनलिकेत गेली तर चित्रात फारसा बदल होत नाही, क्षणभर तेवढे आतल्या आत काहीतरी थरथरते. नळी अन्ननलिकेत गेली तर मात्र ती फुगते आणि पहिल्या कमानीशेजारी तशीच दुसरी कमान, खाली सावलीसकट, उभी राहते. एका मानेत दोन श्वासनलिका दिसल्या की नळी काढायची. हे पाहण्यासाठी अंबूचा एकही श्वास द्यावा लागत नाही, म्हणजे पोटात हवा भरण्याआधीच चूक कळते. माझ्या मते कॅप्नोग्राफला न जमणारे काम ते हेच.

विश्वासार्हतेबद्दल बोलायचे तर १७ अभ्यासांतील सुमारे १,६०० रुग्णांचा एकत्रित आढावा २०१८ साली प्रसिद्ध झाला, त्यात संवेदनशीलता (श्वासनलिकेतील नळी बरोबर ओळखण्याचे प्रमाण) ९८.७ टक्के आणि विशिष्टता (अन्ननलिकेतील नळी बरोबर ओळखण्याचे प्रमाण) ९७.१ टक्के निघाली, तर निदानाला सरासरी १३ सेकंद लागले. आकडे उत्तम आहेत, पण दुसरा आकडा उलटा करून वाचावा: अन्ननलिकेत गेलेल्या शंभर नळ्यांपैकी तीनेक श्वासनलिकेत असल्याचे सांगितले जाईल, आणि तेही सरावलेल्या हातांकडून. काहींची अन्ननलिका श्वासनलिकेच्या बरोबर मागे असते, तेव्हा ती सावलीत लपते. प्रोब थोडा डावीकडून तिरपा धरला तर सापडते. मोठा गलगंड, मानेतील सूज किंवा कातडीखाली शिरलेली हवा असेल तर चित्रावर भिस्त ठेवू नये.

छातीवर पाहायचे ते त्यानंतर, आणि वेगळ्या प्रश्नासाठी. प्रत्येक श्वासाबरोबर फुफ्फुसाचे आवरण बरगड्यांखाली सरकताना दिसते. दोन्हीकडे सरकत असेल तर दोन्ही फुफ्फुसांत हवा जात आहे. फक्त उजवीकडे सरकत असेल आणि डावीकडे हृदयाच्या ठोक्यागणिक नुसती थरथर दिसत असेल, तर नळी खोल जाऊन श्वासनलिकेच्या उजव्या शाखेत बसली असण्याचा संभव मोठा. या बाबतीत स्टेथोस्कोप किती लंगडा आहे ते २०१६ मधील ४२ रुग्णांच्या एका अभ्यासात दिसले. नळी श्वासनलिकेत आहे की शाखेत हे ओळखण्यात स्टेथोस्कोपची संवेदनशीलता ६६ टक्के, तर सोनोग्राफीची ९३ टक्के भरली.

येथे एक सापळा आहे. रुग्ण स्वतः श्वास घेत असेल तर नळी अन्ननलिकेत असूनही दोन्ही फुफ्फुसे सरकताना दिसतील, कारण तो नळीच्या बाजूने आपला आपण श्वास घेत असतो. मण्यारीच्या विषाने पूर्ण लुळा पडलेल्या रुग्णात ही अडचण नाही. कीटकनाशकाच्या, अर्धवट गुंगीतील रुग्णात आहे. शिवाय जुन्या क्षयरोगामुळे आवरण चिकटलेले असेल, किंवा छातीत हवा वा पाणी साठले असेल, तर नळी योग्य जागी असूनही त्या बाजूला हालचाल दिसत नाही.

अथणीकडची सिस्टर यांचे उत्तर

मी डॉक्टर नाही, अठरा वर्षे अतिदक्षता विभागात स्टाफ नर्स आहे. दोन गोष्टी लिहाव्याशा वाटल्या.

कीटकनाशकाच्या रुग्णाला पोट धुण्यासाठी बहुधा आधीच राईल्स ट्यूब (नाकातून जठरात जाणारी बारीक नळी) घातलेली असते. सरांनी सांगितलेल्या जागी, अन्ननलिकेत, तिचीसुद्धा एक बारीक चमकदार रेघ दिसते. आमच्याकडे एकदा यावरून गोंधळ झाला. एक डॉक्टर दुसरी कमान दिसते म्हणून चांगली बसलेली नळी काढायला निघाले होते, आणि दुसरे म्हणत होते की ती राईल्स आहे. तेव्हापासून आमची पद्धत अशी पडली की, डॉक्टरांनी लॅरिंगोस्कोप (घशात पाहण्याचे उपकरण) हातात घेण्यापूर्वीच मानेचे चित्र एकदा पाहून ठेवायचे. पाच सेकंद लागतात. आधी काय होते हे ठाऊक असले की नंतर काय नवे आले ते ओळखता येते.

दुसरी गोष्ट, नळी घालणाऱ्याने स्वतः प्रोब धरू नये. त्याचे डोळे घशात असतात आणि आपली नळी बरोबरच गेली आहे असे त्याला मनापासून वाटत असते. प्रोब धरणारा वेगळा असावा आणि त्याने जे दिसते ते मोठ्याने बोलावे. आमच्या पाळीत निम्म्या मुली कन्नड बोलणाऱ्या आणि निम्म्या मराठी, त्यामुळे शब्द आधीच ठरवून ठेवले आहेत: एक कमान दिसली तर 'एक', दोन दिसल्या तर 'दोन', आणि नीट दिसत नसेल तर सरळ 'दिसत नाही'. 'ओके वाटतंय सर' हे उत्तर चालत नाही. 'दोन' ऐकल्यावर वाद घालायचा नाही, हेही डॉक्टरांकडून आधीच कबूल करून घ्यावे लागते. नव्या नर्सला मोठ्या डॉक्टरांसमोर 'दोन' म्हणायला किती जड जाते, ते आमचे आम्हाला माहीत.

नळी दातांपाशी किती सेंटिमीटरवर आहे तो आकडा (साधारणपणे स्त्रियांत २१, पुरुषांत २३) चिकटपट्टीवर पेनाने लिहून ठेवत जा. रुग्ण हलवताना नळी सरकली तर तेवढ्यावरून लगेच समजते.

चिकोडीचा रेडिओलॉजिस्ट यांचे उत्तर

किल्लीच्या प्रश्नाचे उत्तर देतो, कारण या यंत्राभोवती इतकी भीती आहे की कायदा काय म्हणतो हे कोणी वाचतच नाही.

१९९४ चा गर्भलिंग निदान प्रतिबंधक कायदा, जो २००३ मध्ये अधिक कडक झाला, प्रत्येक सोनोग्राफी यंत्राला लागू होतो. ते मानेसाठी वापरता की पोटासाठी, याने नोंदणीच्या बंधनात फरक पडत नाही. त्यामुळे यंत्र नोंदणीकृत असले पाहिजे आणि ते वापरणाऱ्या डॉक्टरांची माहिती समुचित प्राधिकाऱ्याकडे (हा कायदा राबवणाऱ्या सरकारी अधिकाऱ्याकडे) गेलेली असली पाहिजे. रात्री नळी घालणारे आपण असाल तर आपले नाव आणि पात्रता नोंदणीत दाखल करून घेण्यासाठी रुग्णालयाने रीतसर अर्ज करावा आणि लेखी उत्तर फाईलला लावावे. तोंडी 'चालेल हो' यावर विसंबू नये. फॉर्म एफ भरायचा असतो तो गर्भवतीच्या तपासणीसाठी; सर्पदंशाच्या पुरुषाच्या मानेसाठी तो भरावा लागत नाही. तरीही तातडीच्या वापराची एक वेगळी वही ठेवावी, तीत तारीख, वेळ, रुग्णाचा क्रमांक आणि कशासाठी पाहिले हे लिहावे. तपासणीला अधिकारी आले की अशी वही फार उपयोगी पडते.

पोर्टेबल यंत्र नोंदलेल्या जागेबाहेर नेण्यावर २०१२ च्या नियमांनी कडक मर्यादा घातली आहे. यंत्र आपल्याच रुग्णालयात दाखल असलेल्या रुग्णाच्या खाटेपाशी न्या, हरकत नाही. रुग्णासोबत अँब्युलन्समध्ये टाकून बेळगावला नेऊ नका. चांगल्या हेतूने नेलेले यंत्रही सील होऊ शकते.

कुलपाबद्दल म्हणाल तर ते असावेच, पण त्याची एक किल्ली ड्युटीवरील डॉक्टरांकडे सही घेऊन द्यावी. नळी घालताना १३ सेकंदांत उत्तर देणारे यंत्र आणण्यासाठी व्यवस्थापकांच्या दारावर थाप मारायला जायचे असेल, तर ते नसल्यातच जमा.

चित्राविषयी एक लहानशी सूचना. पोटाच्या प्रोबने मान पाहू नका. खोली जास्त आणि बारकावा कमी, त्यामुळे अन्ननलिका शोधणे अवघड जाऊ शकते. सरळ प्रोब, खोली तीन-चार सेंटिमीटर, आणि जेल भरपूर. हाताचा दाब वाढला की अन्ननलिका चेपून बाजूला जाते आणि आपण दिसत नाही म्हणून आणखी दाबतो.

मलप्रभाकाठ

आपणा सर्वांचा मनःपूर्वक आभारी आहे. नोंदणीचा अर्ज तयार करून व्यवस्थापकांकडे दिला आहे. किल्लीचे त्यांनी मान्य केले, कॅप्नोग्राफचे 'पुढच्या महिन्यात बघू' असे उत्तर आले. सोनोग्राफीचे यंत्र दारात असताना त्याच्या मानाने कितीतरी स्वस्त असलेल्या उपकरणासाठी महिना लागावा, याचे नवल वाटते.

आमच्याकडे महिन्याला दोन-तीनच नळ्या घातल्या जातात, आणि त्यांतली चुकीच्या जागी जाणारी तर क्वचितच, मग 'दोन कमानी' ओळखायला शिकायचे कोठे? आणि यंत्र अँब्युलन्समध्ये नेता येत नसेल तर खानापूरहून बेळगावपर्यंतच्या खड्ड्यांत नळी सरकली की नाही, ते कसे समजावे?

टिळकवाडीचा भूलतज्ज्ञ

शिकायचे ते एकमेकांच्या मानेवर. आधी सहकाऱ्यांच्या माना पाहून अन्ननलिका शोधायची सवय लावा, आणि शोधताना त्यांना पाण्याचा घोट घ्यायला सांगा. गिळताना अन्ननलिका उघडते आणि आतून पांढरे बुडबुडे सरकताना दिसतात. एकदा ती अशी पाहिली की नजर तिला विसरत नाही. आपल्या नावाची नोंद झाल्याखेरीज हा सरावही करू नये, एवढी काळजी घ्या. त्यानंतर आपल्याकडे ठरलेल्या शस्त्रक्रियांसाठी जे भूलतज्ज्ञ येत असतील त्यांच्याशी बोलून, रुग्णाची संमती घेऊन, प्रत्येक नळीच्या वेळी प्रोब आपण धरा. चुकीची नळी पाहायला मिळाली नाही तरी बिनचूक नळीचे चित्र इतके ओळखीचे होते की वेगळे काही दिसले तर खटकतेच.

प्रवासाचे म्हणाल तर तेथे सोनोग्राफीचा उपयोग तसाही कमीच. ती त्या क्षणाचे चित्र देते, आणि नळी निसटते ती स्ट्रेचर चढवताना, वळणावर, किंवा नातेवाइकाने रुग्णाचे डोके उचलले म्हणून. दर श्वासाला पाहारा ठेवायला कार्बन डायऑक्साइडच लागतो. महिनाभर आलेख मिळणार नसेल तर तोवर रंग बदलणारा लहान डिटेक्टर तरी मागवून घ्या. तो नळी आणि अंबूच्या मध्ये बसतो, जांभळ्याचा पिवळा होतो, आणि विजेवर चालत नाही. सहा-सात श्वासांनंतरही दर उच्छ्वासाला पिवळा होत असेल तरच माना. ओला झाला किंवा त्यावर जठरातील स्राव उडाला तर त्याचे खरे मानू नये, म्हणून सोबत दोन ठेवा.

आणि अँब्युलन्समध्ये मास्क अंबूला जोडता येईल असा हाताशीच ठेवावा. शंका आली, रंग बदलेनासा झाला, चिकटपट्टीवरचा आकडा जुळेना, तर गाडी कडेला घेऊन नळी काढा आणि मास्कने श्वास द्या. बेळगाव जवळ आले, अगदी देसूरपर्यंत पोचला असाल तरी थांबा.